एकर, डोई आणि चूल : पुणे जिल्ह्यातील ग्रामीण कुटुंबाच्या उत्पन्नाचे अंदाज

पुणे प्रांतात इंग्रजी अंमल १८१८ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांच्या आतच, शेतकऱ्याच्या पदरात वर्षाअखेर काय उरते याचा हिशेब मांडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न या जिल्ह्यात झाला. तो शेतकऱ्याच्या कळकळीपोटी झाला नव्हता. शेतसाऱ्याचे दर ठरवायचे होते. आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची प्रतवारी लावून प्रत्येक प्रतीच्या एकरामागे येणारे पीक, त्याची किंमत आणि मशागतीचा खर्च यांचे अंदाज बांधले. पिकाच्या किमतीतून खर्च वजा जाता उरणारे ते निव्वळ उत्पन्न, आणि त्यातील ५५ टक्के वाटा सरकारचा, असे त्याचे सूत्र होते. रिकार्डोच्या खंडसिद्धांताचा प्रभाव या सूत्रावर उघड दिसतो. कागदावर पद्धत निर्दोष होती. प्रत्यक्षात पिकाचे आणि खर्चाचे आकडे गोळा करणारी खालची यंत्रणा विश्वासार्ह नव्हती, आणि इंदापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात ठरलेला सारा भरणे रयतेला अशक्य होऊन बसले. जमिनी ओस पडल्या, सूट देत राहावी लागली आणि अखेर ही जमाबंदी गुंडाळावी लागली. १८३६ मध्ये त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमाबंदी लागू केली, तेव्हा निव्वळ उत्पन्न मोजण्याचा नाद त्यांनी सोडून दिला होता. मागील वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल झाले आणि किती जमीन लागवडीखाली राहिली, हे पाहून त्यांनी दर बसविले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच व्यवहारी रीत मुंबई इलाख्यात रूढ केली.

या प्रकरणाकडे महसूल-इतिहासाच्या अंगाने पुष्कळ अभ्यासकांनी पाहिले आहे. कौटुंबिक उत्पन्नाच्या मोजणीचा आरंभ म्हणून मात्र त्याकडे क्वचितच पाहिले जाते. प्रिंगलचे एकक एकर होते. एकराला पोटे नसतात. एका कुटुंबाकडे असे किती एकर आहेत, घरात खाणारी तोंडे किती, मजुरीचे किंवा बलुत्याचे काही येते काय, हे प्रश्न त्याच्या सूत्राबाहेर राहिले. पुढील पावणेदोनशे वर्षांत हे एकक अनेकदा बदलले: एकराच्या जागी सावकाराच्या वहीतील खाते आले, मग डोई आली आणि सर्वांत शेवटी चूल, म्हणजे एकत्र जेवणारे कुटुंब. एकक बदलले की उत्तरही बदलते. म्हणून जिल्ह्यातील ‘मधल्या’ कुटुंबाचे उत्पन्न काळाच्या ओघात कसे बदलत गेले, हे विचारण्याआधी ते कोणत्या काळी कोणत्या मापाने मोजले गेले, हे तपासावे लागते.

‘मधले’ हा शब्द येथे नेमक्या अर्थाने घ्यावयाचा आहे. सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने ओळीत उभी केली, तर बरोबर मध्यावर येणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे मध्यक. सरासरीत गावातील एका बड्या बागायतदाराचे उत्पन्न इतर साऱ्यांवर वाटले जाते; मध्यकावर त्याचा परिणाम होत नाही. ग्रामीण उत्पन्नाची विभागणी विषम असते, त्यामुळे मध्यक सरासरीच्या खाली राहतो आणि दोहोंतील अंतर हेच विषमतेचे एक माप ठरते. सरासरी काढण्यास एकूण बेरीज आणि कुटुंबांची संख्या पुरते. मध्यकासाठी मात्र कुटुंबांची यादी लागते, आणि अशी यादी कोणत्याही राजवटीच्या दप्तरात सहसा नसते. महसुली दप्तरात खातेदार असतो, पण भूमिहीन नसतो. पोलीस पाटलाच्या नोंदीत माणसे असतात; त्यांची मिळकत नसते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यानंतर नेमलेल्या दख्खन दंगा आयोगाने नगर जिल्ह्यातील बारा गावांची तपासणी करून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एक-तृतीयांश कर्जात बुडालेले होते आणि त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या सरकारी साऱ्याच्या अठरा पट होते. हा आकडा दारिद्र्याचा पुरावा म्हणून नेहमी उद्धृत होतो, पण तो नीट वाचला जात नाही. एक-तृतीयांश खातेदार कर्जबाजारी, याचा अर्थ मधला खातेदार त्यांत मोडत नव्हता. येथून ‘मधले कुटुंब सुस्थितीत होते’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. आयोगाच्या मोजणीत खातेदार होते, गाव नव्हते. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचे दारिद्र्य या हिशेबात येण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय ज्याला तारणाअभावी सावकार दारात उभा करीत नाही, तो कर्जबाजारीही होऊ शकत नाही.

याच दशकात दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा प्रश्न डोईमागील उत्पन्नाच्या भाषेत मांडला. १८६७ ते १८७० या वर्षांच्या सरकारी आकड्यांवरून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये ठरविले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार करीत असलेल्या खर्चाशी त्याची तुलना केली. या तुलनेची धार सर्वपरिचित आहे. तितकीच महत्त्वाची, पण दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे सरकारी सरासऱ्यांवरील त्यांची टीका. वेगवेगळ्या जिल्ह्यांतील दर-एकरी पीक वा बाजारभाव यांची नुसती बेरीज करून जिल्ह्यांच्या संख्येने भागणे ही तेव्हाची कार्यालयीन रीत होती. एखाद्या जिल्ह्यात त्या पिकाखाली लाखो एकर असोत की काही शेकडा, दोघांना सारखेच वजन मिळे. ही रीत अशास्त्रीय असल्याचे नौरोजींनी मध्य प्रांताच्या आकड्यांवरून दाखवून दिले. २० रुपयांच्या सरासरीत श्रीमंत वर्गांचा मोठा वाटा मिसळलेला आहे आणि सामान्य माणसाच्या वाट्याला तेवढेही येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. मध्यक हा शब्द त्यांनी वापरला नाही. मात्र सरासरी हा सामान्य माणसाचा आकडा नव्हे, ही जाणीव त्यांच्या लेखनात पक्की आहे.

पुढील पंचवीस वर्षे हा वाद दरडोई आकड्यांचाच राहिला. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर यांनी २७ रुपये हा आकडा दिला, १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने ३० रुपये सांगितला, तर त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी जेमतेम १८ रुपयांपर्यंतचा. देश खालावत आहे की सुधारत आहे, एवढाच त्या वादाचा विषय होता. मधल्या कुटुंबाची स्थिती काय, हा प्रश्न कोणत्याही बाजूने विचारला गेला नाही. त्या दृष्टीने हे सारे आकडे एकाच जातीचे आहेत, आणि त्यांतील कोणता खरा याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही.

प्रश्नाचे स्वरूप पालटले ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांच्या कामामुळे. पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एन. व्ही. कानिटकर यांच्यासह केलेला शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाचा अभ्यास १९२१ मध्ये आला. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. माती, विहिरी, चारा आणि खत यांचे निरीक्षण करता करता ते शेतकऱ्याच्या घरात शिरले, आणि त्यांनी गावातील एकेका कुटुंबाचा जमाखर्च मांडला. शेतीचे उत्पन्न, बाहेरची मजुरी, कर्जावरील व्याज आणि कुटुंबाच्या किमान गरजा या चार गोष्टी एकत्र ठेवून त्यांनी कुटुंबांचे तीन गट पाडले: केवळ जमिनीवर निभाव लागणारी, जमीन व बाहेरची मजुरी मिळून निभाव लागणारी, आणि दोन्ही मिळूनही निभाव न लागणारी. पिंपळे सौदागरातील १०३ कुटुंबांपैकी पहिल्या गटात ८, दुसऱ्यात २८ आणि तिसऱ्यात ६७ कुटुंबे निघाली. जातेगावात १४७ कुटुंबांपैकी अनुक्रमे १०, १२ आणि १२५.

मॅन यांनी मध्यक काढलेला नाही. तरीही त्यांच्या तक्त्यातून मधल्या कुटुंबाची जागा ठरविता येते, कारण त्यासाठी प्रत्येक कुटुंबाचा आकडा माहीत असावाच लागतो असे नाही. १०३ कुटुंबांत मधले कुटुंब बावन्नावे. शेवटच्या गटातच ६७ कुटुंबे असल्यामुळे, उत्पन्न आणि गरज यांच्या प्रमाणानुसार कुटुंबे लावली तर खालून मोजलेले बावन्नावे कुटुंब या गटाच्या आत पडते. सीमेजवळही नव्हे, चांगले पंधरा घरे आत. जातेगावात तर ते पन्नासाहून अधिक घरे आत आहे. म्हणजे दोन्ही गावांत मधले कुटुंब तोट्यात होते. दख्खनच्या शेतीबद्दल त्या काळात झालेल्या बऱ्याचशा चर्चेपेक्षा हे एक विधान अधिक सांगून जाते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मॅन यांचे गट उत्पन्नाचे नसून निभावाचे आहेत. व्याजाचा बोजा मोठा असलेले, चार बैल बाळगणारे एखादे कुटुंब तिसऱ्या गटात पडू शकते आणि त्याहून कमी कमावणारे, पण कर्ज नसलेले कुटुंब दुसऱ्या गटात. म्हणून या तक्त्यातून ‘मधल्या कुटुंबाचे उत्पन्न इतके रुपये’ असे विधान करता येत नाही. ‘मधल्या कुटुंबाचे उत्पन्न त्याच्या गरजेहून कमी’ एवढेच करता येते. गरजेचे माप मॅन यांनी ठरविलेले आहे, आणि ते थोडे सैल किंवा आवळ केले तर सीमेवरची काही कुटुंबे इकडून तिकडे जातील. परंतु जातेगावचा निष्कर्ष अशा कोणत्याही वाजवी फेरफाराने उलटण्यासारखा नाही.

मॅन यांच्या जमीनधारणेच्या आकड्यांत सरासरी आणि मध्यक यांतील अंतर अधिक स्वच्छपणे दिसते. जुन्या दप्तरांच्या आधारे त्यांनी पिंपळे सौदागरातील सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १८२० ते १८४० या काळात १४ आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर अशी दिली. या उतरत्या मालिकेचा उल्लेख तुकडीकरणाच्या प्रत्येक चर्चेत येतो. त्याच अभ्यासात असेही नोंदले आहे की १९१४-१५ मध्ये ८१ टक्के धारणा दहा एकरांच्या आतील आणि ६० टक्के पाच एकरांच्या आतील होत्या. म्हणजे सरासरी ७ एकर असली, तरी मधला धारक पाच एकरांच्याही खाली होता. मालिकेतील आधीच्या वर्षांसाठी असा विभागणीचा आकडा हाती नसल्यामुळे १७७१ चे मधले कुटुंब किती एकरांचे होते, हे चाळीसच्या सरासरीवरून ठरविणे धाडसाचे होईल.

पिंपळे सौदागर आणि जातेगाव यांतील फरकाचे कारणही बोधक आहे. पहिले गाव पुणे आणि खडकीच्या छावणीच्या जवळचे. तेथे बाहेरची मजुरी मिळे. जातेगाव दूर आणि कोरडवाहू. शेतीकडे पाहून दोन्ही गावांचा अंदाज बांधला असता, तर हा फरक पकडीत आला नसता. ग्रामीण कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे शेतीचे उत्पन्न, ही समजूत प्रिंगलपासून आजतागायत चिवट राहिली आहे. तिचा फोलपणा मॅन यांच्या दुसऱ्या गटातील २८ कुटुंबांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दाखविला होता. याचे अधिक ठळक उदाहरण कोकणात सापडते: रत्नागिरीच्या गावांचे अर्थकारण मुंबईच्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर चाले. आज राज्य शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याच्या उत्पादनाचे जे अंदाज प्रसिद्ध करते, त्यांत जिल्ह्याच्या हद्दीत काय निर्माण झाले हे मोजले जाते. घरात काय आले हे नव्हे. त्या आकड्याला लोकसंख्येने भागून मिळणारे ‘जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न’ वृत्तपत्रांतून सर्रास कुटुंबाच्या सुबत्तेचे माप म्हणून वापरले जाते, ते दोन पायऱ्या चुकवून.

१९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने मॅन यांचा धागा पुढे नेला. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ यांचे वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाचे सर्वेक्षण १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रश्न शेती ‘व्यवसाय’ म्हणून परवडते काय, असा होता. त्यामुळे एकक पुन्हा कुटुंबाकडून शेताकडे सरकले. या पद्धतीतील एक पेच तेव्हापासून आजवर सुटलेला नाही. घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल बाजारच्या मजुरीने धरले, तर लहान शेतकऱ्याची शेती बहुधा तोट्यात जाते. ते धरले नाही, तर थोडेफार उत्पन्न दिसते. कुटुंबाच्या दृष्टीने ते श्रम हेच उत्पन्न असते. एकाच घराचा हिशेब या दोन रीतींनी मांडला, तर ते ओळीत पंचवीस-तीस घरे वर किंवा खाली जाऊ शकते.

घरी खाल्लेल्या धान्याचे काय, हा दुसरा पेच. कोरडवाहू कुटुंबाच्या ज्वारी-बाजरीचा मोठा भाग बाजार पाहतच नाही. कडबा गुरे खातात, शेणखत शेतात जाते, बलुतेदाराला सुगीत पेंढ्या मिळतात, सालगड्याला जेवण आणि कपडे. या प्रत्येकाला किंमत लावावी लागते आणि ती सुगीच्या भावाने लावायची की आषाढातल्या, यावरच गरीब घराचे ‘उत्पन्न’ बरेचसे ठरते. पीक किती आले, हे तरी निश्चित असावे. पण तेही नव्हते. गावाच्या पिकाची आणेवारी सोळा आण्यांच्या पिकाशी तुलना करून नजरअंदाजाने ठरे. तिचीच पुढे पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांखालील गावाला टंचाईच्या सवलती, हा नियम महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. सवलत मिळायची असल्यामुळे आकडा खाली ओढण्यात गावाचा हितसंबंध, आणि वर ओढण्यात खजिन्याचा. पीककापणी प्रयोगांनी यावर उपाय शोधला. त्या प्रयोगांसाठी निवडायचा वाफा किती मोठा असावा, यावर महालनोबीस आणि मूळचे सातारा जिल्ह्यातील बुधचे पां. वा. सुखात्मे यांच्यात दीर्घ वाद झाला. वाफा फार लहान घेतला की कडेची रोपे आत धरली जाऊन पीक फुगलेले दिसते, हे सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. काही चौरस फुटांच्या फरकाचा हा वाद क्षुल्लक वाटण्यासारखा आहे. तो क्षुल्लक नव्हता. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा प्रत्येक अंदाज शेवटी त्या वाफ्यावर उभा असतो.

१९४९ मध्ये भारत सरकारने महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे अन्य सदस्य. राव यांनी १९३१-३२ या वर्षासाठी ग्रामीण दरडोई उत्पन्न ५१ रुपये आणि नागरी १६६ रुपये असे पूर्वीच दाखविले होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले आणि प्रथमच देशभरातील निवडक चुलींची शास्त्रीय यादी तयार होऊ लागली. मध्यकासाठी लागणारी यादी आली, पण त्या चुलींना मुख्यतः विचारले गेले ते खर्चाबद्दल. उत्पन्न विचारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९५० च्या दशकात नवव्या आणि चौदाव्या फेरीत, पुढे १९६० च्या दशकात एकोणिसाव्या आणि चोविसाव्या फेरीत ते झाले. परंतु लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च व बचतीच्या बेरजेहून कमी भरू लागले आणि हे प्रयत्न थांबविण्यात आले. याला लोकांचा खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याला महिन्याचे उत्पन्न नसते. सुगीला पैसा येतो, तो उसनवारी फेडण्यात जातो, दुधाचे पैसे घरातील बाईच्या हाती, मजुरीचे मुलाच्या. घराच्या उत्पन्नाचा एकत्रित आकडा कोणाच्याच डोक्यात नसतो. खर्च मात्र रोजचा असतो.

यामुळे पुढची चाळीस-पन्नास वर्षे महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंबाच्या स्थितीची चर्चा खर्चाच्या आकड्यांवर चालली. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा १९७१ मधील दारिद्र्यविषयक अभ्यास याच आकड्यांवर उभा आहे. १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के लोक किमान खर्चाच्या पातळीखाली होते, हा त्यांचा निष्कर्ष. तो मॅन यांच्या ६५ आणि ८५ टक्क्यांशेजारी ठेवून ‘सुधारणा’ मोजण्याचा मोह होतो. पण एकीकडे दोन गावांतील कुटुंबांचा निभाव आहे आणि दुसरीकडे देशभरातील माणसांचा खर्च. कर्ज काढून केलेला खर्चही खर्चच धरला जातो. मॅन यांच्या तिसऱ्या गटातील अनेक कुटुंबे दांडेकर-रथ यांच्या रेषेच्या वर आली असती, काहीही न सुधारता.

उत्पन्न विचारणे अशक्य नाही, हे मात्र याच काळात सिद्ध झाले. फक्त एकदा जाऊन भागत नाही. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून सहा गावांत वस्तीला राहणाऱ्या तपासनिसांकरवी कुटुंबांचे व्यवहार सतत नोंदविले. त्यांपैकी चार गावे महाराष्ट्रातील: सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोला जिल्ह्यातील कानझरा व किनखेडा. पुणे जिल्ह्यातील गाव त्यांत नसले, तरी सोलापूरची दोन्ही गावे इंदापूरच्याच कोरडवाहू पट्ट्याच्या पुढची आहेत. येथील नोंदी जगभर वापरल्या गेल्या. त्यांतून मध्यक काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे घेतली होती: दहा मजुरांची आणि लहान, मध्यम व मोठे शेतकरी अशी प्रत्येकी दहा. गावातील या गटांची खरी प्रमाणे अशी सारखी नसतात. तेव्हा चाळिसांच्या यादीतील मधले कुटुंब हे गावातील मधले कुटुंब नव्हे. प्रत्येक गटाला त्याच्या गावातील संख्येप्रमाणे वजन दिल्यावाचून ते सापडत नाही. नौरोजींनी जिल्ह्यांच्या सरासऱ्यांबद्दल जे सांगितले होते, तेच येथे घरांना लागू पडते.

वर्षाची निवड हाही तितकाच नाजूक विषय. १९७२-७३ च्या दुष्काळात पुणे, नगर, सोलापूर भागातील असंख्य कुटुंबांचे शेतीचे उत्पन्न जवळजवळ नाहीसे झाले आणि दुष्काळी कामांवरची मजुरी हाच आधार राहिला; त्या अनुभवातून आकारलेला रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. अशा वर्षाचा मध्यक आणि त्याच्या पुढच्या चांगल्या पावसाच्या वर्षाचा मध्यक जोडून काढलेली रेषा पाऊस मोजते, विकास नव्हे. अमेरिकेत १९४० ते २००० या काळातील जनगणनांत मिळकतीचा प्रश्न होता, काउंटीनिहाय कौटुंबिक मध्यकाची मालिकाही आहे. तरी तेथेही ६५ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीसाठी वार्षिक सर्वेक्षणाचे एका वर्षाचे आकडे प्रसिद्ध होत नाहीत. पाच वर्षांची उत्तरे एकत्र करावी लागतात. भारताच्या दशवार्षिक जनगणनेत हा प्रश्नच नाही.

एकविसाव्या शतकात आकड्यांची टंचाई उरलेली नाही, आणि त्यामुळे काम सोपे झाले असेही नाही. शेतकरी कुटुंबांच्या स्थितीविषयीच्या नमुना सर्वेक्षणांत मासिक उत्पन्नाची देशपातळीवरील सरासरी २००३ मध्ये २,११५ रुपये, २०१२-१३ मध्ये ६,४२६ आणि २०१८-१९ मध्ये १०,२१८ रुपये अशी आली. दरम्यान शेतकरी कुटुंबाची व्याख्याच बदलली. २०१२-१३ मध्ये शेतीतून वर्षाला ३,००० रुपयांहून अधिक उत्पादन ही अट आली आणि २०१८-१९ मध्ये ती ४,००० झाली. तळाच्या काही चुली यादीतूनच गळाल्या, की मालिका आपोआप वर सरकते. शिवाय या सरासऱ्या आहेत. मध्यक थेट मिळतो तो राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि मेरीलँड विद्यापीठ यांच्या २००४-०५ च्या सर्वेक्षणातून. ४१,५५४ कुटुंबांच्या त्या नमुन्यात देशातील मधल्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे २८ हजार रुपये होते आणि सरासरी त्याहून कितीतरी वर. पण हा नमुना एका जिल्ह्याचा मध्यक सांगण्याइतका मोठा नाही.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेत मात्र प्रत्येक चुलीची नोंद झाली. ग्रामीण भागातील सुमारे ७४.५ टक्के कुटुंबांत सर्वाधिक कमावत्या व्यक्तीची मासिक मिळकत ५,००० रुपयांच्या आत होती. मॅन यांच्या तक्त्याला लावलेली रीत येथेही लागू पडते: मधले कुटुंब सर्वांत खालच्या वर्गात, तेही बरेच आत. मात्र त्या वर्गाच्या खाली दुसरी पायरीच आखलेली नसल्यामुळे ते नेमके कोठे, हे सांगता येत नाही. ज्या वर्गात तीन-चतुर्थांश घरे आहेत, त्या वर्गाचे आणखी भाग पाडण्याची गरज मोजणाऱ्यांना वाटली नाही. मॅन यांनी निदान गरजेची रेष आखली होती. २०२५ मध्ये केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न सर्वेक्षण २०२६ मध्ये घेण्याचे जाहीर केले; साठच्या दशकात सोडून दिलेला प्रश्न त्यामुळे पुन्हा पटलावर आला.

तरीही जुन्या-नव्या आकड्यांची सांगड घालताना दोन अडचणी उरतात. पहिली चुलीची. भाऊ वेगळे झाले की एका चुलीच्या तीन होतात आणि कोणाचेही ताट न बदलता मधल्या कुटुंबाचे उत्पन्न उतरते. म्हणून कुटुंबाच्या आकाराची नोंद सोबत नसेल, तर शंभर वर्षांच्या अंतरावरील दोन मध्यकांची तुलना निरर्थक ठरते. दुसरी अडचण जागेची. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. मॅन यांनी ज्या शेतांची माती तपासली, तेथे गृहसंकुले उभी आहेत आणि त्यांत राहणारी बहुसंख्य कुटुंबे बाहेरून आलेली आहेत. तेथील आजचा मध्यक काढणे अवघड नाही, पण १९१७ च्या बावन्नाव्या कुटुंबाचे पुढे काय झाले, हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी त्या १०३ घरांचे वंशज सातबाऱ्याच्या फेरफार नोंदींतून शोधत जावे लागेल. जातेगाव बुद्रुक मात्र अजून शिरूर तालुक्यातील गावच आहे. जुन्या मोजणीशी तुलना करायची, तर ती तेथे अधिक सयुक्तिक ठरेल, आणि तेथील मधले घर चौऱ्याहत्तरावे होते.